अण्णांची फियाट आणि माझं वायरिंग

मैत्रिणींनो, मे महिन्यात तुमच्या माजघरात काय पसरलेलं असतं? आंब्याची साठं, फणसाचे पापड, आमसुलं, हेच ना? गेल्या मे महिन्यात आमच्या माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वायरी पसरल्या होत्या. लाल, निळ्या, पिवळ्या, काळ्या, पांढऱ्या. दूध घालायला येणारी बाई दारातूनच म्हणाली, "वहिनी, लग्नाचा मांडव घालताय काय?"

मी म्हटलं, "मांडवच समजा. नवरी साठीला टेकलीय, एवढंच."

नवरी म्हणजे आमच्या सासऱ्यांची, अण्णांची, १९६८ सालची फियाट. अण्णा इथे रत्नागिरीत डॉक्टर होते. ही गाडी त्यांनी १९७६ साली मुंबईहून जुनी म्हणून घेतली आणि पुढे वीसेक वर्षं मिऱ्या, काळबादेवी, पावस, जयगड अशी रात्री-अपरात्री पळवली. मग घरात दुसरी गाडी आली आणि फियाट मांगरात गेली. तिच्यावर पेंढा पडला, नारळ पडले, मागच्या सीटमध्ये उंदरांचे संसार थाटले गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्या टपावर कोंबडी अंडी घालीत असे.

या गाडीचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो आपल्या मराठी मुलखाचा आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या इटालियन घराण्याच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पहिल्या गोल नाकाच्या गाडीला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. आमची त्यानंतरची, अकराशे डी. हीच पुढे १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा अण्णांनी ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

वाचून घेतली, कारण गेली दोन वर्षं अण्णांना वाचता येत नाही. डोळ्यांच्या मधलं दिसणं गेलंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस पडवीत बसून राहतो, येणाऱ्याजाणाऱ्याला पावलांवरून ओळखतो. एके दिवशी म्हणाले, "मला तिचा आवाज ऐकायचाय एकदा."

एवढंच निमित्त. ह्यांनी बँकेतल्या साठवणीतून इंजिन उघडून घेतलं, ब्रेक नवे करून घेतले, पत्र्याचं काम आणि रंग झाला. कागदपत्रांचीही सोय निघाली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने निराळी 'व्हिंटेज' नोंदणी सुरू केली आहे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, ती दहा वर्षं चालते, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. ती कागदांची कहाणी ह्यांनी कधी लिहावी. मी वळते वायरींकडे.

रंगाच्या दुकानातून गाडी ढकलत घरी आली तेव्हा पैसे संपत आले होते आणि वायरिंग राहिलं होतं. एका इलेक्ट्रिशियनने आत डोकावून पाहिलं. खारी हवा, उंदीर आणि पंचवीस पावसाळे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मांगरातलं मीठसुद्धा पाणी होतं, तिथे तांब्याची काय कथा! वायरीचं टोक सोललं की आत हिरवी पूड. तो म्हणाला, "सगळं कापून टाकू, एकच लाल वायर सगळीकडे मारू. फ्यूजचा डबा काढून टाका, जुन्या गाडीला कशाला हवेत फ्यूज?" तयार वायरिंगचा संच मिळतो, पण आम्हाला मिळाला तो नंतरच्या, अल्टरनेटर असलेल्या पद्मिनीचा निघाला. आमच्या गाडीला डायनामो आहे.

तेव्हा मी म्हटलं, "मी करते."

जेवणाच्या पानावर एकदम शांतता. मी बी.ए., मराठी आणि इतिहास. शाळेत अर्धा दिवस आठवी-नववीला शिकवते. पण माझे बाबा वीज मंडळात वायरमन होते, आणि मुलगा नसल्यामुळे म्हणा किंवा मी हट्टी म्हणून म्हणा, लहानपणी त्यांच्या मागे टॉर्च धरून मीच उभी असायची. घरातला फ्यूज, शेगडीची कॉइल, मिक्सरची वायर यांसाठी मी आजवर कुणाला बोलावलेलं नाही. बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, गाडीत न्यूट्रल कुठे असतो?"

"गिअरमध्ये," बाबा म्हणाले. मग हसणं आवरून म्हणाले, "अगं, गाडीची बॉडी हाच तुझा न्यूट्रल. एक वायर दिव्यापर्यंत न्यायची, परतीची वाट पत्र्यातून. पत्रा चांगला तर दिवा चांगला. पुढचं मला विचारू नकोस, मला पोलावरचं विचार."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं, तरी पुढे तीन दिवस घालवायचे ते घालवलेच. ते नंतर सांगते.

आता थोडं गणित, घाबरू नका. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. शंभर वॉटचा दिवा लावला तर अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही. गाडीत फक्त बारा व्होल्ट. तेवढाच उजेड हवा तर तिथे आठ अँपिअरच्या वर वाहावे लागतात. हेडलाइटचा एक बल्ब ४५ वॉटचा, दोन मिळून ९०, भागिले बारा, साडेसात अँपिअर. म्हणजे व्होल्ट कमी म्हणून वायर बारीक चालेल असं आपल्याला वाटतं, ते साफ उलटं आहे. वायर बारीक घेतली की अर्धी वीज वायर तापवण्यात जाते आणि दिवे मिणमिणतात. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे तर नववीच्या पुस्तकात आहे." असेल, पण माजघरात बसून कळलं तसं पुस्तकात कळलं नव्हतं.

दुसरं, घराची वायर गाडीला चालत नाही. घराची ताठ, भिंतीत एकदा गेली की हलायची नाही. गाडीत सगळं सारखं थरथरतं, म्हणून तिथे केसासारख्या बारीक तारांची लवचिक वायर लागते. आपल्या पुण्याची फिनोलेक्स केबल्स १९५८ साली सुरू झाली ती मोटारींसाठी प्लॅस्टिक वेष्टणाच्या वायरी करायलाच. त्याआधीच्या गाड्यांत रबर आणि त्यावर विणलेलं सूत असायचं, ते उन्हापावसात कुजायचं. आणि गंमत अशी, की त्याच घराण्याचा पीव्हीसी करण्याचा कारखाना आज आमच्या रत्नागिरीत, पावसच्या वाटेवर आहे.

काम सुरू करताना पहिली गोष्ट केली ती हातातल्या पाटल्या आणि अंगठी काढून ठेवली, मंगळसूत्र ब्लाउजमध्ये खोचलं. हे नीट लक्षात ठेवा. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक बेफिकीर असतात. पण बॅटरीचं टोक आणि पत्रा यांच्या मध्ये सोन्याची पाटली आली तर ती क्षणात लाल होते, आणि हातातून निघत नाही. बॅटरी काढताना अर्थची, म्हणजे पत्र्याला जोडलेली वायर आधी काढायची आणि लावताना शेवटी लावायची. पान्हा चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी नको. शेजारच्या काकूंनी माझे ओके हात पाहून "काय गं झालं?" म्हणून काळजीने विचारलं. त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत चहा उकळून आटला.

मग जुनं जुडगं गाडीतून अख्खं बाहेर काढलं. कापायचं नाही, ओढायचं नाही. प्रत्येक टोकाला कापडाची चिंधी बांधून तिच्यावर नंबर घातला, आणि मोबाइलवर फोटो. पुस्तकातला वायरिंगचा नकाशा अण्णांच्या फायलीत होता, कसरीने घडी-घडीवर खाल्लेला, पण रंग वाचता येत होते. एक मोठी प्लायवूडची फळी घेतली, जुनं जुडगं तिच्यावर झाडाच्या फांद्यांसारखं पसरलं आणि जिथे जिथे फाटा फुटतो तिथे तिथे खिळे ठोकले. रांगोळीचे ठिपके घालतो तसे. त्या खिळ्यांवरून नव्या वायरी ओढायच्या आणि मग वेणी बांधावी तसं सगळं एकत्र गुंडाळत जायचं. ही कल्पना माझी नाही, कारखान्यातही असंच फळीवर करतात.

या कामात अण्णा माझे जोडीदार होते. टोकं धरायची, टेपचं रीळ सरकवायचं, आणि तोंडाने सतत सूचना. "हॉर्नची वायर स्टिअरिंगच्या दांड्याजवळ पुरती दोन बोटं सैल ठेव." "पत्र्याच्या भोकातून जाईल तिथे रबरी चकती विसरू नकोस, नाहीतर पत्रा वायरीला सुरीसारखा कापतो." हात थरथरतात, पण बोटांना सगळं ठाऊक. आपल्या डोळ्यांना दिसत नाही हे ते त्या दिवसांत विसरून जायचे, मीही विसरायची.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला घेतलं.

आमच्या घरात एक कहाणी मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. १९९१ च्या पावसाळ्यात हातखंब्याजवळ या गाडीच्या डॅशबोर्डखालून धूर निघाला. आत सासूबाई आणि सहा वर्षांचे हे. अण्णांनी दोघांना पावसात खाली उतरवलं, बॅटरीची वायर उपटून काढली म्हणून निभावलं. सासूबाई त्यानंतर त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. त्या गेल्या त्यालाही आता आठ वर्षं झाली. आठवड्यापूर्वीच एका तरुण मिस्त्रीने गाडीचं काम केलं होतं. त्याने वायर उघडी ठेवली, असं ठरलं. अण्णा त्याच्या गॅरेजवर जाऊन चार माणसांत त्याला वाटेल ते बोलले. गाव लहान, डॉक्टरांचा शब्द मोठा. त्याची गिऱ्हाइकं तुटली, दोन वर्षांत तो गॅरेज बंद करून मुंबईला गेला. पुढे दुसऱ्या कुणीतरी जळलेलं आहे तिथेच ठेवून बाजूने नव्या वायरी ओढल्या आणि गाडी चालू झाली.

स्पीडोमीटरच्या मागून तो जळलेला गोळा मी बाहेर काढला. सहा वायरी वितळून एक झालेल्या, आणि त्यांच्यात एक परकी, जाडसर वायर. नकाशात नव्हतीच ती. माग काढत गेले तर पुढच्या बंपरपाशी निघाली. तिथे पूर्वी अण्णांचा स्पॉट लाइट होता, रात्री वाडीतलं घर शोधायला लावलेला. त्या वायरीचा जोड इन्सुलेशन टेपने बांधलेला नव्हता. दवाखान्यातल्या जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बांधला होता.

मग फ्यूजचा डबा उघडला. या गाडीचे फ्यूज खडूच्या तुकड्याएवढे, पांढरे आठ अँपिअरचे आणि लाल सोळाचे, वर धातूची पातळ पट्टी असलेले. वायर तापण्याआधी ती पट्टी वितळावी, यासाठीच तो फ्यूज. त्या एका फ्यूजवर तांब्याची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगली चार वेढे गुंडाळलेली. म्हणजे फ्यूज उडायचा प्रश्नच नाही, उडाली तर वायरच. (तुमच्यापैकी कुणाच्या घरी अजून जुने चिनी मातीचे फ्यूज असतील आणि त्यात कुणी अशी जाड तार घातली असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी ती काढायला सांगा.)

मी तो फ्यूज उचलला आणि हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवून दिला. रात्री ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता कशाला? चौतीस वर्षं झाली. त्या वयाच्या माणसाला हे सांगून काय मिळणार?"

बरोबरच होतं त्यांचं. पण मला झोप येईना. एकदा वर्गात शिट्टी कुणी वाजवली म्हणून मी एका पोराला बाहेर उभं केलं होतं. त्याने वाजवली नव्हती हे मला नंतर कळलं. मी त्याला आत घेतलं, पण "माझं चुकलं" असं काही म्हटलं नाही. तो मुलगा आता एसटीत कंडक्टर आहे, भेटला की हसतो. तरीसुद्धा मला अजून त्याच्याकडे पाहताना तिकिटाकडे पाहावंसं वाटतं.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी नव्या जुडग्यात डॅशबोर्डचा फाटा किती लांब सोडायचा यावर आमचं अडलं. अण्णा म्हणाले, "जुनं दे इकडे, हाताने सांगतो." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी ते ओढून मांडीवर घेतलंसुद्धा. बोटं वायरीवरून सरकत सरकत त्या जोडावर आली आणि थांबली.

"ही दवाखान्यातली पट्टी आहे."

"हो अण्णा."

"स्पॉट लाइटची वायर ना ही? फ्यूज बघितलास?"

मी डबी आणून दिली. त्यांनी फ्यूज बोटांत फिरवला, तारेचे वेढे मोजले, आणि का कोण जाणे, नाकाशी नेला. "हिंगात ठेवलास होय?" म्हणाले. मी हसले नाही, तेही हसले नाहीत.

"काळबादेवीला एक बाळंतपण अडलं होतं," थोड्या वेळाने ते म्हणाले. "रात्री दोनला निघालो आणि वाटेत फ्यूज उडाला. जवळ दुसरा नव्हता. तार गुंडाळली आणि गेलो. बाई वाचली, मूलही वाचलं. सकाळी काढीन म्हटलं, राहून गेलं."

मी गप्प.

"त्या पोरावर ओरडून घरी आलो, हात धुताना आठवलं मला. तेव्हाच आठवलं."

ते जुडगं त्यांनी माझ्या हातात परत दिलं आणि काठी टेकत पडवीत गेले. रात्री जेवले नाहीत. सकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "गाडी सुरू झाली की पहिल्यांदा त्याच्याकडे जायचं. तो परत आलाय गावाला. भाट्याच्या पुलापलीकडे राहतो."

म्हणजे तो कुठे आहे याची चौकशी त्यांनी केव्हाच करून ठेवली होती.

पुढचं काम मग घाईने झालं, आणि घाईने झालं म्हणून अडलं. नवं जुडगं गाडीत बसलं. बॅटरी सरळ जोडायच्या आधी बाबांची युक्ती वापरली. घराचं वायरिंग झालं की बाबा सिरीजमध्ये दिवा लावून बघत. मीही बॅटरीच्या वाटेत एक बल्ब घातला. सगळी बटणं बंद असताना तो लागला, तर कुठेतरी शॉर्ट आहे असं समजायचं. लागलाच की हो! छातीत धस्स झालं. अर्धा तास मी वायरी तपासतेय, आणि माझी धाकटी मुलगी येऊन म्हणते, "आई, आतला दिवा चालूच आहे." तो बंद केला, बल्ब विझला. मुलीला दोन बेसनाचे लाडू दिले.

खरी फजिती पुढे झाली. मागचा डावा साइड दाखवला की टेल लॅम्प मंद व्हायचा. ब्रेक दाबला की साइडचा दिवा हळूच लुकलुकायचा. जणू सगळ्या दिव्यांनी आपापसात संगनमत केलं होतं. मी नकाशा तीनदा तपासला, प्रत्येक वायर नंबराप्रमाणे बरोबर. तीन दिवस गेले. शाळेचे निकालाचे कागद कपाटावर तसेच पडलेले. शेवटी वहीत बाबांचं वाक्य पुन्हा दिसलं: पत्रा चांगला तर दिवा चांगला. दिवा पत्र्यावर बसवलाय, पण पत्र्यावर तर आता नवा कोरा रंग! रंगातून वीज जात नाही. परतीची वाट बंद, म्हणून बिचारी वीज शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढत घरी जात होती. घरचं पुढचं दार कडी लावून बंद केलं की मुलं शेजारच्या माडीवरून उतरतात, तसलाच प्रकार. पॉलिश पेपर घेऊन दिव्याच्या स्क्रूखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातला, पुन्हा गंज धरू नये म्हणून वरून अण्णांच्या कपाटातलं व्हॅसलीन. सगळे दिवे एकदम शहाणे झाले. ज्यांच्या घरी गाडी नुकतीच रंगवलीय त्यांनी हे ध्यानात ठेवावं, रंगाऱ्याला त्यातलं काही ठाऊक नसतं.

डायनामोचं मात्र अण्णांनीच सांगितलं. वर्षानुवर्षं पडून राहिला की त्याच्यातलं उरलंसुरलं चुंबकत्व जातं, तो विजेला सुरुवातच करू शकत नाही. बॅटरीची एक वायर त्याच्या फील्डच्या टोकाला टिचकीसारखी क्षणभर लावायची. ठिणगी उडाली. ह्यांनी सेल्फ मारला, दोनदा खोकली, तिसऱ्यांदा लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर चार्जिंगचा लाल दिवा आधी फिका झाला आणि मग विझला. मी वायरीच पाहत होते, त्यामुळे अण्णांचा चेहरा पाहायचा राहिला. मुलीने सांगितलं, आजोबा कान पुढे करून बसले होते आणि हातांनी ताल धरत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रविवारी संध्याकाळी निघालो. गाडी ह्यांनी हाती घेतली, अण्णा पुढे, मी आणि मुलगी मागे. माझ्या मांडीवर अग्निशामकाचा लाल डबा. हसू नका, मी भाट्याच्या पुलापर्यंत नाकाने फक्त वास घेत होते. पुलावर येईस्तोवर अंधारलं, ह्यांनी हेडलाइट लावले आणि खाली काजळीच्या खाडीवर कुणी होडीवाला होता तो वर बघायला लागला. ह्यांनी एकदा डिपर मारून दाखवला. उगाचच.

मिस्त्रींचं घर रस्त्याला लागूनच. साठी ओलांडलेला माणूस, अंगात गंजीफ्रॉक. गाडीचा आवाज ऐकूनच बाहेर आले. अण्णांना पाहिलं, नमस्कार केला न केला, आणि सरळ जाऊन बॉनेट उघडलं. अण्णा काठी टेकत पुढच्या मडगार्डला धरून उभे राहिले. मी हात द्यायला गेले तर नको म्हणाले.

"मी तुला बोललो होतो," अण्णा म्हणाले. "चार लोकांत. त्या फ्यूजवर तार मी गुंडाळली होती. तुझी चूक नव्हती. मला तेव्हाही माहीत होतं."

बॉनेटखालून लगेच उत्तर आलं नाही. मिस्त्री टॉर्च पाडून आत बघत होते.

"ठाऊक हाय मला," शेवटी ते म्हणाले. "गाडी ढकलत आणलीत ना तुम्ही दुसऱ्या दिवशी, तेव्हाच डबा उघडून बघितला."

"मग बोलला का नाहीस?"

"माझ्या आईचं औषध तुमच्याकडे चालू होतं, डॉक्टर."

अण्णा काहीच बोलले नाहीत. आत घरात टीव्ही चालू होता तो कुणीतरी बंद केला. मिस्त्रींच्या सूनबाई दारात येऊन "चहा टाकते" म्हणाल्या आणि आमच्या उत्तराची वाट न पाहता आत गेल्या.

"हां वायरिंग कोणी केलान?" मिस्त्रींनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मिस्त्रींनी टॉर्च माझ्या तोंडावर धरला, मग पुन्हा आत.

"चांगला बांधलाय. पण वहिनी, हिकडे बघा. ही वायर सायलेन्सरच्या अंगावर टाकलीत तुम्ही. घाटात एकदा तापला की गेली." त्यांनी खिशातून सुतळीचा तुकडा काढला, वायर दोन बोटं मागे ओढून बांधली आणि गाठ दातांनी कापली. "तात्पुरती हाय हां. पुढच्या रविवारी आणा, नीट क्लिप मारून देतो. डिपरचा स्विचपण अडकतोय, तोही बघतो."

"आणू का?" हे माझ्याकडे बघत म्हणाले. "देखभालीसाठी आहे, नियमात बसतं."

अण्णा पडवीच्या पायरीवर बसले होते. मिस्त्री हात पुसत त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारू लागले, की काळबादेवीची ती बाई कोण, तिचा तो मुलगा आता करतो काय.